शेवटच्याने थांबायचं नसतं

१

रुडॉल्फ सरांच्या टोळीत नियम एकच होता, आणि तो सर स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसापेक्षा नीट लक्षात ठेवत. डोंगरात वाट फुटली, की जो तिथे पोचेल त्याने उभं राहायचं. मागचा माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही. तो आला, की जायच्या वाटेकडे हात करायचा आणि म्हणायचं, "दिलं." मागच्याने म्हणायचं, "घेतलं." मग पुढच्याने चालू लागायचं आणि मागच्याने त्या जागी उभं राहायचं, त्याच्या मागच्यासाठी. सर याला 'वळण देणं' म्हणत. कधीकाळी शाळेच्या सहलीत त्यांचा एक विद्यार्थी रानात चुकला होता आणि दिवसभर सापडत नव्हता. तेव्हापासूनचा हा नियम.

सर माणिकपूरच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि राहायला भुईगावला होते. पावसाळा संपला की अधूनमधून रविवारी आम्ही पूर्वेच्या डोंगरांत जायचो. सर, त्यांची बायको व्हेरोनिकाताई, त्यांचा पुतण्या डेरिक, माझा नवरा हर्षवर्धन आणि मी. मी स्वप्ना, माणिकपूरच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. आठवडाभर लोकांचं रक्त काचेवर पसरून बघणाऱ्या बाईला रविवारी जरा झाडं बघावीशी वाटली, तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

हर्ष गोरेगावच्या एका कंपनीत ड्रॉइंगं काढायचा. स्वभावाने सांगितलेलं ऐकणारा. 'रांगेत उभे राहा' अशी पाटी दिसली तर रांग नसतानाही हा पाटीमागे उभा राहील, असं मी त्याला चिडवायचे. सरांचा नियम त्याला इतका आवडला होता, की घरी चहाचा कप हातात देतानाही तो "दिलं" म्हणायचा आणि मी "घेतलं" म्हणेपर्यंत कप सोडायचा नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मला अजून त्याचा कंटाळा आला नव्हता, हे मी लॅबमधल्या बायकांना सांगितलं नसतं.

ओळीत शेवटी नेहमी डेरिक असायचा. शेवटच्याला कोणासाठी थांबायचं नसतं. त्याने वळण घ्यायचं आणि चालत सुटायचं. ही गोष्ट इतकी उघड होती, की कोणी कधी कोणाला सांगितली नव्हती.

२

साल अठ्ठ्याण्णव. ऑक्टोबरचा रविवार. चांदीपच्या मागच्या डोंगरावर आम्ही पूर्वी दोनदा गेलो होतो, त्यामुळे सर निवांत होते. वर जाऊन आलो, व्हेरोनिकाताईंनी आणलेले पाव आणि अंडी खाल्ली आणि उतरायला लागलो. हवा कोंदट होती. पावसाळ्यात माजलेली कारवी अजून हिरवी होती आणि पुरुषभर उंच. त्या कारवीतून वाट म्हणजे भिंतींमधला बोळ. पुढचा माणूस वळला की दिसेनासा व्हायचा, फक्त त्याच्या बुटांचा आवाज यायचा.

अर्ध्या वाटेत डेरिकच्या बुटाचा तळवा सुटला. तो फटक फटक करत चालायला लागला तसे सर म्हणाले, "तू माझ्या मागे ये बाबा, पडलास तर धरायला." डेरिक पुढे गेला. हर्ष त्या वेळी जरा आडोशाला थांबला होता. तो येऊन माझ्या मागे लागला, पण ही अदलाबदल त्याला कळली की नाही हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

थोड्या वेळाने वाट फुटली. डेरिकने व्हेरोनिकाताईंना दिलं, त्यांनी मला. मी हर्षसाठी उभी राहिले. तो घाम पुसत आला. मी डावीकडे हात केला.

"दिलं."

"घेतलं," तो म्हणाला, आणि मी निघाले.

ती वाट चुकीची होती. कारवी अचानक संपली आणि पुढे खडकाची मोकळी जागा, तिच्यापुढे काहीच नाही. खाली लांबवर भाताची खाचरं दिसत होती. सर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"गणिताच्या मास्तरला डावं-उजवं कळेना," व्हेरोनिकाताई म्हणाल्या. मग त्यांनी सरांना आपल्या बोलीत अजून काहीतरी सुनावलं. ते मला कळलं नाही, सरांना नीट कळलं. डेरिक खाली बसून बुटाला सुतळी बांधायला लागला. आम्ही हर्षची वाट बघत बसलो.

तो येईना.

३

आम्ही हाका मारल्या. सरांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. कारवीने तो गिळून टाकला. मी दोनदा उठले आणि सरांनी दोनदा मला बसवलं. "तू गेलीस तर दोघांना शोधावं लागेल." मी उगाच पाण्याची बाटली उघडून बंद करत होते.

बऱ्याच वेळाने तो आला. घाई नाही, घाबरलेला नाही. रस्त्यावर फिरायला निघालेल्या माणसासारखा आला.

"कुठे होतास अरे?" मी म्हटलं.

"वळणावरच. डेरिक फार मागे राहिला होता. आता आला, त्याला दिलं आणि निघालो."

डेरिकने सुतळीची गाठ मारता मारता वर बघितलं. "दादा, मी इथंच आहे."

हर्षने त्याच्याकडे बघितलं. मग मागे कारवीकडे बघितलं. "मग घेतलं कोण म्हणालं?"

"तू कुणाला दिलंस?" सरांनी विचारलं.

"तोंड नाही बघितलं. कारवीच्या सावलीत होता. मी हात केला, तो 'घेतलं' म्हणाला." हर्षने माझ्या हातातली बाटली घेतली. "दमलेला वाटत होता."

"गावातला कोणी लाकडं तोडायला आलेला असेल," सर म्हणाले. "तू हात केलास, बिचारा घाबरून हो म्हणाला." आम्ही हसलो. मीही हसले. एखादं काम आवरावं तसं ते हसणं होतं.

पण सर मग जरा बाजूला येऊन हर्षला म्हणाले, "तुझ्यामागे कोणी नव्हतं. शेवटच्याने थांबायचं नसतं, हर्षवर्धन."

"मला कोणी सांगितलं नाही, सर," तो म्हणाला.

४

त्याच वाटेने परत फिरलो. फाट्यावर कोणी नव्हतं. ओल्या मातीत आमच्याच बुटांचे ठसे, एकावर एक. त्यातून काही वाचता येण्यासारखं नव्हतं, आणि मी वाचायला थांबलेही नाही.

या वेळी उजवीकडे उतरलो. हर्ष पुन्हा शेवटी होता. दर फाट्यावर मी त्याला वळण देऊन पुढे व्हायचे आणि दर फाट्यावर तो मागे उभा राहायचा. मी परत जाऊन त्याचा हात धरून ओढून आणला.

"पुरे आता चेष्टा."

"तो मागे आहे, स्वप्ना. न देता कसं येऊ?"

चेष्टा करताना हर्षच्या ओठाचा एक कोपरा हलतो. तो हलत नव्हता. ऊन लागलं असणार, असं मी ठरवलं. मळभ होतं, तरी मी ठरवलं.

डोंगराच्या पायथ्याशी चांदीपचं पहिलं घर लागतं. तिथे भागूबाई नावाची म्हातारी भात झोडपत होती. मागच्या दोन्ही वेळा तिने आम्हाला पाणी दिलं होतं. या वेळीही तिने कळशी आणली. आम्ही पाचही जण प्यायलो. पण तिने भांडं पुन्हा भरलं आणि धरून उभी राहिली.

"तुमचा येक मानूस मागं ऱ्हायला ना?"

"नाही भागूबाई, सगळे आलो," सर म्हणाले.

तिने डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे बघितलं. "मंग तो वलनावं उबा हाय तो कोन? मगाधरनं तसाच उबा हाय. ये म्हनलं तरी येत नाय."

मी वर बघितलं. लांबवर कारवीतून वाट बाहेर पडते तिथे काहीतरी उभं होतं. झाडाचा बुंधा असेल. माणसाएवढा होता. बुंधेही माणसाएवढे असतात. मी चष्मा पुसायला काढला तेवढ्यात एसटी आली, आणि ती चुकली असती तर पुढची थेट अंधार पडल्यावर होती.

एसटी सुटताना हर्ष मागच्या काचेतून बघत होता. "गाडी वळणावर थांबणार नाही," तो म्हणाला. "आता त्याला कसं कळणार?"

५

दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसातून उशिरा यायला लागला. उशिरा म्हणजे मी गॅलरीत उभी राहून राहून शेजारच्या आशालताकाकूंचा फोन वापरायला जायचा विचार करीपर्यंत उशिरा. पहिल्या दिवशी म्हणाला, काम होतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर सरळ सांगितलं.

"चांदीपला गेलो होतो. फाट्यावर."

"कशाला?"

"तो तिथपर्यंत आला होता. पुढचं वळण द्यायचं होतं."

हर्षला खोटं बोलता येत नसे. मी ओरडले, मग रडले, मग रीतसर विचार करायला बसले. लॅबमध्ये एखादा रिपोर्ट विचित्र आला की आम्ही घाबरत नाही, पुन्हा तपासतो. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ताप बघितला, रक्त काढलं, ते मीच तपासलं. सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, रोजची धावपळ, झोप कमी, त्यात हे फिरणं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, विरोध करू नका, आपोआप निवळेल.

आणि ते निवळायला लागलं. मी हे सांगते तेव्हा लोकांना माझी कीव येते, पण मला खरंच तसं वाटलं. दर दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा थोडा लवकर घरी येऊ लागला. पहिल्या आठवड्यात जेवणं थंड व्हायची. दुसऱ्या आठवड्यात गरम गरम वाढता यायला लागली. मी त्याला विचारणं सोडून दिलं. तो येऊन हात धुऊन बसायचा, वरण-भात चवीने खायचा, आणि माझ्या मनात यायचं, चला, गाडी रुळावर येतेय.

एक दिवस डेरिक स्कूटरवरून घरी आला. सोफ्याच्या टोकावर बसला, चहा घेतला नाही.

"वहिनी, दादांना मी काल वसई फाट्यावर बघितलं. हायवे संपून आपला रस्ता सुरू होतो ना, तिथे. एकटेच उभे होते, असा हात करून."

"डॉक्टर म्हणालेत आपोआप निवळेल."

"ते 'दिलं' म्हणाले. मी तिथेच होतो, पलीकडे. कोणी काही बोललं नाही. पण तिथे रस्त्यात एक कुत्रा झोपला होता. तो उठला, बाजूला झाला, आणि जरा वेळाने परत जागेवर येऊन झोपला." डेरिकने हात चोळले. "कुणालातरी जायला वाट दिल्यासारखा."

"आणि परवा कुठे दिसला होता?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"मला नाही. माझ्या दोस्ताला, फेबियनला दिसले होते. शिरसाडला."

डेरिक गेल्यावर मी गॅसवरचं दूध बंद करायला गेले आणि तिथेच उभी राहिले. चांदीप. मग वाटेतलं मांडवी. शिरसाड. वसई फाटा. माझा नवरा लवकर घरी येत होता, कारण ते घराच्या जवळ येत होतं.

६

दोन दिवसांनी मी लॅबमधून निघाले तर तो मला माणिकपूर नाक्यावर दिसला. दिवेलागण झालेली. रिक्षांची रांग, वडापावच्या गाडीभोवती गर्दी, चर्चमधून संध्याकाळच्या मिस्साचं गाणं ऐकू येत होतं. इतक्या माणसांत तो फूटपाथच्या कडेला सरळ उभा होता आणि आमच्या गल्लीच्या दिशेला हात केला होता. मी जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिले. मला वाटलं, मी बाजूला असले तर हा खेळ होणार नाही.

"दिलं," तो म्हणाला.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. वडा तेलात पडल्याचा आवाज आला. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी हातभर अंतरावर, कोणीतरी कोरड्या घशाने म्हणालं, "घेतलं."

मी वळून बघितलं. एक म्हातारा गृहस्थ पेपर घेत होता, शाळेतली दोन पोरं होती. कोणीही म्हणालं असेल. बाजारात काहीतरी घेतल्यावर माणसं 'घेतलं' म्हणतात. मी स्वतःला हे घरी जाईपर्यंत समजावत राहिले, आणि घरी जाईपर्यंत हर्षच्या दंडाला घट्ट धरून चालले. त्या दिवशी तो अगदी वेळेवर घरी आला.

मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला घराबाहेर सोडू नकोस. मी रविवारी मिस्सा झाली की येतो." आवाज ऐकून मला कळलं, की येऊन काय करायचं हे त्यांनाही माहीत नाही.

७

रविवारी सर आले, बसले, हर्षशी इकडचं तिकडचं बोलले आणि जेवायच्या आधी गेले. जिन्यापाशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तेवढंच.

दुपारी अख्खी बिल्डिंग जेवून झोपली होती. आशालताकाकूंच्या टीव्हीवर कुठलातरी सिनेमा लागला होता आणि बघणारं बहुतेक कोणी जागं नव्हतं. हर्ष हॉलमध्ये खुर्ची दाराकडे करून बसला होता. पायात बूट.

"नाक्यावर आहे तो," तो म्हणाला. "गल्लीच्या तोंडाशी मला जायला हवं. मग जिना, मग दार."

"नको जाऊस. राहू दे त्याला तिथेच."

"राहणार नाही. उशीर लागेल इतकंच." त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. "स्वप्ना, तो दारात आला की मला पुढे जावं लागेल."

"पुढे कुठे?"

"मागचा आला की पुढच्याने जागा सोडायची. नियमच आहे."

"अरे, हे घर आहे. घराच्या पुढे काही नसतं."

"असतं," तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की मला टीव्हीचा आवाज बंद करावासा वाटला, आणि टीव्ही आमचा नव्हता. "मला जायचं नाहीये. मला इथं राहायचंय. तुझ्याबरोबर."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. या माणसाशिवाय मी काय करणार होते? माझं सगळं शहाणपण, स्लाइडी, रिपोर्ट, त्या वेळी माझ्या काही कामाचे नव्हते. तो इथे राहायला हवा होता, बाकी जगाचं काहीही होवो.

"मी काय करू सांग."

"मला चुकीचं देता येत नाही," तो म्हणाला. "पण तू जाऊन दिलंस तरी चालेल. मागचा माणूस तोंड बघत नाही. हात बघतो."

मी उठले. डॉक्टर म्हणाले होते, विरोध करू नका. दुखणं मनाचं असेल तर साखरेच्या गोळीनेही उतरतं. मी खाली जाईन, रिकाम्या रस्त्याला हात दाखवीन, वर येऊन सांगेन की गेला तो. आणि माझा नवरा बरा होईल. जिना उतरताना मी हे इतक्यांदा म्हटलं, की शेवटच्या पायरीपर्यंत ते मला पटलं होतं.

८

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेव्हा वाट फुटायची. डावीकडे आमच्या बिल्डिंगी. सरळ गेलं की एक जुनी केळीची वाडी होती, तिच्यातून पायवाट जायची पश्चिमेकडे, शेतांत. तिथून कोणी फारसं जात नसे. मी तिथे उभी राहिले आणि वाडीकडे हात केला. रस्त्यावर कोणी नव्हतं. उन्हाने डांबर चिकट झालं होतं. मी मान खाली घातली, कारण बघायचं नाही हे मी वरच ठरवलं होतं.

पावलं आली. खूप लांबून चालत आलेल्या माणसाची पावलं, घासत पडणारी. ती माझ्यासमोर येऊन थांबली. मला श्वास ऐकू येत होता.

"दिलं," मी म्हटलं.

जरा वेळ गेला.

"घेतलं," तो म्हणाला. नाक्यावर ऐकलेलाच कोरडा आवाज. आणि आवाजात हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं, जसं खूप दिवसांनी ओळखीचं कोणी भेटावं.

पावलं वाडीकडे वळली. तो माझ्या जागी थांबला नाही. त्याच्या मागे कोणी नव्हतं, आणि शेवटच्याने थांबायचं नसतं, हे आता त्याला ठाऊक होतं.

मी मान वर केली.

तो पाठमोरा होता. केळीच्या पानांची सावली अंगावर पडत होती, त्यामुळे नीट असा दिसलाच नाही. फक्त त्याचा डावा हात पाठीमागे कमरेवर होता आणि अंगठ्याने तो मणक्याच्या बाजूला दाबत होता. ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून हर्षची कंबर धरते. दमला की तो असाच चालतो, डाव्या अंगठ्याने तीच जागा दाबत. मी ते इतकी वर्षं बघत होते, की बघायची थांबले होते. आणि तेव्हा, त्या उन्हात, माझ्या लक्षात आलं, की चांदीपहून आल्यापासून घरात मी ते एकदाही बघितलेलं नाही.

मी हाक मारली. आवाज फुटला की नाही मला आठवत नाही. तो वळला नाही. दाखवलेल्या वाटेवरून मागे बघणं हा हर्षचा स्वभावच नव्हता. केळीच्या गर्दीत तो शिरला आणि पानं हलायची थांबली.

मी धावले. वाडीत थोडं आत गेल्यावर वाट फुटत होती, आणि जरा पुढे पुन्हा फुटत होती. कुठेही कोणी नव्हतं. एका पाटात पाणी वाहत होतं. पुढे वळण द्यायला कोणी नसलं तर काय करायचं, हे सरांच्या नियमात नव्हतं.

मागे फिरले तेव्हा आमच्या गॅलरीत हर्ष उभा होता. दोन्ही हात कठड्यावर. माझ्याकडेच बघत होता.

वर गेले तर त्याने बूट काढून जागेवर ठेवले होते.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तो हसला, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. पॅसेजच्या कोपऱ्यावर न थांबता.

९

त्यानंतर तो कुठल्याच वळणावर थांबला नाही. वेळेवर घरी येतो. भाजी आणतो, माझ्या आईच्या औषधांची आठवण ठेवतो. लॅबमधल्या बायका म्हणतात, नशीब काढलंस. त्या खोटं बोलत नाहीत. मी त्याच्यात खोट काढायला बसले तर एक अंगठा सोडून मला काही सापडत नाही, आणि अंगठ्यावरून कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही. कधीकधी वाटतं, कंबर बरी झाली असेल. माणसांच्या कंबरा बऱ्या होतात.

सरांनी टोळी बंद केली. मी त्यांना काही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

वाडी गेली. तिथे बिल्डिंगी उठल्या, रस्ते झाले, जिथे दोन वाटा होत्या तिथे आता कितीतरी आहेत. त्यातल्या एखाद्या तोंडाशी कोणी हात करील म्हणून तो उभा असेल, आणि माणसं त्याच्या बाजूने निघून जात असतील. सुरुवातीला मी शोधायला जायचे. प्रत्येक वळणावर मलाच कळायचं नाही कुठे जावं, आणि तो तर सांगितल्याशिवाय पाऊल उचलणारा नाही.

म्हणून आता शोधत नाही. रविवारी दुपारी सगळे झोपले की मी खाली जाते आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. हात आमच्या बिल्डिंगकडे केलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, बाई रिक्षा बोलावतेय. एकदोघे थांबूनही गेले. मी "दिलं" म्हणते, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, अगदी घसा कोरडा पडेपर्यंत.

वर गॅलरीत तो येऊन उभा राहतो. खाली ये असं म्हणत नाही, वर ये असंही म्हणत नाही. तो घाबरलेला असतो, हे इतक्या लांबूनही कळतं. एखादे दिवशी कोणी "घेतलं" म्हणालं, तर त्याला पुढे जावं लागेल.

जाऊ दे त्याला. मी हात खाली घेत नाही.